फोनवर नळ दुरुस्त होत नाही

नंदू सबनीसचं मला पहिलं दर्शन झालं ते पायांचं. बाकीचा नंदू माझ्या सिंकखालच्या कपाटात होता.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी इंग्लंडमधल्या रीडिंगच्या या घरात नुकती राहायला आले होते आणि स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे असलेली सुप्रभा तेव्हा स्लाऊला राहायची, लहान मुलांची डॉक्टर. तिच्याजवळ मी फोनवर कुरकुर केली, की या देशात देव भेटेल पण प्लंबर भेटणार नाही. "अगं, मग आमच्या नंदूला विचार ना," ती म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. मी त्याला म्हटलं, उगाच कशाला येतोस एवढ्या लांब, काय पिळायचं तेवढं सांग, मी पिळते. तो म्हणाला, "मधुताई, फोनवर नळ दुरुस्त होत नाही. मी येतो."

आला, पण लगेच कपाटात शिरला नाही. आधी खुर्ची ओढून बसला, शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाला, "पहिल्यापासून सांगा." पाणी पहिल्यांदा कधी दिसलं? रोज की अधूनमधून? गरम नळ उघडल्यावर की गार? याआधी कुणी हात लावलाय का? सगळं लिहून घेतलं आणि मगच आडवा झाला. मी डॉक्टर असून इतकी पद्धतशीर चौकशी आयुष्यात कुणाची केली नव्हती. अर्थात मी पॅथॉलॉजिस्ट. माझे पेशंट माझ्याकडे काचेच्या पट्टीवरचा पातळ पापुद्रा होऊन येतात आणि बोलत नाहीत. मला ते सोयीचं वाटायचं. मी फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि लोकांचं काही चुकत नाही.

नंदू सांगलीचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पंपांच्या कारखान्यात आठ वर्षं नोकरी. सुप्रभाला इथल्या हॉस्पिटलात जागा मिळाली आणि तो तिच्या मागून आला. त्याच्या डिप्लोम्याला इथे कुणी विचारलं नाही. पहिली तीन वर्षं स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर गोदामात खोकी हलवली. मग तिथल्याच इमारतींच्या मेन्टेनन्सला लागला आणि तिथेच रुळला. पाईप, पंप, रेडिएटर, छतातून झिरपणारं पाणी, हा त्याचा प्रांत. गॅसचा परवाना नव्हता म्हणून बॉयलरचं झाकण मात्र त्यानं कधी उघडलं नाही, आम्ही कितीही गळ घातली तरी. "ज्याचं काम त्यानं करावं," असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं. या वाक्यानं पुढे त्याचा घात करायची वेळ आणली.

आमचा कंपू डॉक्टरांचा. अंबरीश हृदयाचा, जयंत हाडांचा, अरुणा रीडिंगमध्येच जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, सुप्रभा मुलांची आणि मी मेलेल्या पेशींची, असं जयंत म्हणतो. गणपती, दिवाळी, कुणाचा पन्नासावा वाढदिवस, काही असलं की एकत्र जमायचं आणि जेवताना हॉस्पिटलच्या गप्पा मारायच्या. त्यात नंदू एकटाच बिनडॉक्टर. आमच्या सगळ्यांच्या घरातले नळ त्यानं बदलले होते आणि कधी एक पैसा घेतला नव्हता. त्याच्या बदल्यात आम्ही त्याला काय देत होतो? सल्ले. तेही पुरणपोळीवर तूप वाढता वाढता.

चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत मी हात धूत असताना नंदू शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मधुताई, सकाळी थोडं रक्त दिसतं हो अधूनमधून."

"मूळव्याध असेल," मी टॉवेल शोधत म्हणाले. "पाणी पी भरपूर."

"बरं," म्हणाला नंदू, आणि टॉवेल त्यानंच काढून दिला.

एवढंच. माझ्या तपासणीला टॉवेल सापडायला लागतो तेवढा वेळ लागला. नंतर कळलं की त्या वर्षभरात त्यानं आम्हा सगळ्यांनाच विचारलं होतं, पण प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खात्यातलं. ज्याचं काम त्यानं करावं! डाव्या कुशीत दुखतं ते जयंतला सांगितलं. जयंत म्हणाला, कंबर आहे, वजनं उचलतोस ना. जिना चढताना दम लागतो ते अंबरीशला. त्यानं ईसीजी काढून पाठीवर थाप मारली, की घोड्याचं हृदय आहे लेका तुझं. पोटात पिळवटतं आणि साफ होत नाही ते अरुणाला. ती म्हणाली, आयबीएस, इसबगोल घे. थकवा येतो हे तेवढं सुप्रभाला, कारण ते तिच्यापासून लपत नव्हतं. ती म्हणाली, लवकर झोपत जा. कुणाचंच उत्तर अगदी खुळचट नव्हतं. पण पाच डॉक्टरांनी मिळून एका माणसाला एकदाही पुरतं विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि आमच्याकडे तर दिवे पाच होते.

हे पहिल्यांदा कुणाच्या नजरेत आलं असेल तर त्याच्या मुलीच्या. आर्या इथेच जन्मली, रीडिंगच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात काम करते. एका रविवारी ती मला म्हणाली, "मधूमावशी, बाबानी बेल्टला दोन नवीन होल केला. आरीनी. डॅड्स श्रिंकिंग आणि घरात सगळे डॉक्टर आहे." तिला हसायचं होतं, पण हसू आलं नाही तिला.

मग चक्रं फिरली. नंदू पहिल्यांदा स्वतःच्या जीपीकडे गेला. शौचाची तपासणी झाली, त्यात रक्त निघालं, आणि दोन आठवड्यांत कॅमेरा घालून आतडं बघितलं. आतल्या अस्तराचे चार तुकडे तपासायला गेले. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी नंदूनं दोन्ही पानांचे फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. शेवटची ओळ होती: अस्तर नॉर्मल, कॅन्सर दिसत नाही. अंबरीशनं अंगठा दाखवला. जयंतनं पेढ्यांचं चित्र टाकलं. मीही अंगठा दाखवला.

पुढच्याच महिन्यात सांगलीला नंदूच्या पुतण्याचं लग्न होतं आणि नेमक्या त्याच आठवड्यात हॉस्पिटलनं सीटी स्कॅनची तारीख दिली होती. "बायोप्सी क्लिअर आहे ना, मग स्कॅन पुढे ढकल," जयंत म्हणाला. "लग्न काय पुन्हा पुन्हा येतं?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदूनं तिकीट काढलं.

जाण्याआधी तो माझ्याकडे आला होता. जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर ओलीचा डाग पडला होता. भिंत चांगली आहे म्हणणाऱ्या पेंटरकडून मी तो दोनदा रंगवून घेतला होता आणि तो दोन्हीदा परत आला होता. नंदूनं नेहमीप्रमाणे वही काढून विचारलं, भिंतीवर बोटानं टकटक करत खालपासून वरपर्यंत गेला, आणि एका जागी थांबून तिथला चौकोन कापून काढला. आत तांब्याच्या पाईपच्या जोडावर पाण्याचा थेंब लोंबत होता.

"पेंटर खोटं नाही बोलला, मधुताई," तो म्हणाला. "त्यानं वरचा रंग खरवडून बघितला, तेवढं चांगलंच होतं. गळती त्याच्या मागे आहे."

पाईपचा जोड बदलून झाल्यावर त्यानं हात धुतले. मी चहा टाकला. तो खुर्चीवर बसला, पण वही खिशात ठेवली नाही. तिच्यातून त्यानं घडी घातलेला कागद काढला, तोच रिपोर्ट.

"एक विचारू? माझ्या आतड्यातनं तुकडे काढले ते किती खोलवरनं काढले? वरच्या रंगाचे की मागच्या पाईपचे?"

मी चष्मा लावला आणि तो रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचला. डॉक्टर म्हणून खरं तर तो मी पहिल्यांदाच वाचत होते. पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की आतड्याच्या डाव्या भागात अस्तराच्या खाली फुगवटा आहे, त्यावरचं अस्तर गुळगुळीत आहे, सीटी स्कॅन करावा. दुसऱ्या पानावर शेवटच्या ओळीच्या वर आणखी एक ओळ होती: नमुन्यात फक्त अस्तर आहे. हे वाक्य मी स्वतः तीस वर्षांत हजारदा लिहिलं असेल. आणि ते लिहिताना माझी दर वेळी चिडचिड व्हायची, की हे कोणी वाचत नाही.

चहा उतू गेला. मी नंदूच्या समोर बसले आणि त्याचीच वही ओढून घेतली. "पहिल्यापासून सांग," म्हटलं. रक्त, डावी कूस, दम, पिळवटणं, थकवा, बेल्टची दोन भोकं, आठ किलो वजन. सगळं एका पानावर आल्यावर ते वाचायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तुमची काय चूक, मीच तुकड्या-तुकड्यानं सांगितलं." याचा मला जास्त राग आला. मी म्हटलं, "नंदू, तिकीट रद्द कर."

तो लग्नाला गेला नाही. स्कॅनमध्ये आतड्याच्या भिंतीत नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. या वेळी स्कॅनवर नजर ठेवून सुईनं गाठीच्या पोटातूनच तुकडा घेतला, आणि तो आमच्या डिपार्टमेंटला आला. ओळखीच्या माणसाची स्लाइड मी तपासायची नाही, हा नियम बरोबर आहे. ते काम माझी तरुण सहकारी वरदा करत होती. पण नंदूनं स्वतः लिहून दिलं होतं, की मधुताईंना दाखवायला माझी हरकत नाही. म्हणून दोघींनी मिळून बघायच्या मायक्रोस्कोपला मी वरदाच्या समोर बसले.

आतड्याचा नेहमीचा कॅन्सर अस्तरात होतो. तो मी झोपेतही ओळखेन. इथे तसं काही नव्हतं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी जुड्या बांधल्यासारख्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. अशा पेशींचे दोन अर्थ मुख्यतः संभवतात. एक गाठ अशी असते की तिच्यावर गोळी आहे. रोज एक गोळी घ्यायची आणि वर्षानुवर्षं जगायचं, अशी माणसं मी पाहिली आहेत. दुसरी असते ती आतडं आपोआप हलवणाऱ्या स्नायूची. लायोमायोसार्कोमा. आतड्यात ती इतकी विरळा, की नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी दोन पाहिल्या होत्या. तिच्यावर गोळी नाही. ती अख्खी कापून काढता आली तर काढायची, आणि मग वाट बघायची.

वरून बघून या दोन गाठींत फरक करणं धोक्याचं. त्यासाठी वेगवेगळे रंग लावावे लागतात, आणि ते व्हायला दोन दिवस लागतात. मी देवधर्म करणारी बाई नाही. पण ते दोन दिवस मी चक्क देवाकडे गाठ मागत होते, की त्याला गोळीवाली गाठ असू दे. कॅन्सर मागायचा आणि तोही निवडून! तिसऱ्या दिवशी वरदानं ट्रे पुढे ठेवला. गोळीवाल्या गाठीचे दोन्ही रंग कोरे होते. स्नायूचे दोन्ही रंग गडद तपकिरी.

"आय ॲम सो सॉरी, मधुमतीताई," वरदा म्हणाली. मी म्हटलं, सॉरी कसलं, काम चांगलं केलंस तू. आणि मग बाहेर जाऊन गाडीत बसून रडले.

लंडनला अशा गाठींचंच काम करणारी मंडळी आहेत. पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. तिथल्या सर्जनबाईंनी नंदूला तासभर दिला. गाठ न फुटता, आजूबाजूच्या निरोगी आतड्यासकट, एकसंध निघाली पाहिजे, हेच सगळ्यात महत्त्वाचं, त्या म्हणाल्या. आत्ता केमो देऊन फायदा होईल याचा पुरावा नाही, म्हणून देणार नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅन करू. नंदूनं सगळं वहीत उतरवलं आणि शेवटी विचारलं, जोड कुठे मारणार? त्यांनी चित्र काढून दाखवलं. बाहेर आल्यावर तो सुप्रभाला म्हणाला, "बाईंना काम येतं."

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. गाठ अख्खी निघाली, कडा स्वच्छ निघाल्या. नंदूला घरी पाठवताना ताकीद मिळाली, की तीन महिने जड काही उचलायचं नाही. नेमका त्याच काळात अंबरीशचा वरचा बाथरूम खालच्या खोलीत उतरायला लागला. मग नंदू खुर्चीवर बसून सांगत होता, आणि शहरातला नामांकित हृदयरोगतज्ज्ञ टबाखाली पालथा पडून पाना फिरवत होता. "उजवीकडे, अरे उजवीकडे! रोज हार्टची झडप बसवतोस ना?" असा नंदूचा आवाज बागेपर्यंत ऐकू येत होता. त्या दिवशी आम्ही इतके हसलो, की नंदूला टाके धरून बसावं लागलं.

तो परत कामावर गेला. बेल्टची नवी भोकं ओस पडली. पुतण्याच्या बारशाला, म्हणजे पुतण्याच्या मुलाच्या, सांगलीला जाऊन आला. दर तीन महिन्यांनी स्कॅन, आणि स्कॅनच्या आधीचे आठ दिवस सुप्रभा भाजीत मीठ विसरायची. अडीच वर्षं सगळे रिपोर्ट चांगले आले.

यंदाच्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. मी ग्रेट ब्रिटनमधली एकमेव बाई असेन जी शनिवारी सकाळी नळ गळत नसतानाही नंदूच्या फोनची वाट बघते. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मधुताई, एक छोटा डाग आलाय. उजव्या फुप्फुसात. नऊ मिलिमीटर. एकच आहे म्हणतात, काढता येईल म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

मला बरंच काही वाटत होतं. एकच डाग असेल तर आशा असते, हे मला ठाऊक होतं. ही गाठ फुप्फुसातच का जाते हेही ठाऊक होतं, आणि एकामागून दुसरा डाग येतो तेही. सगळं जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "नंदू, मी येते." आणि गाडीची किल्ली घेतली.

स्लाऊला त्याच्या गल्लीत वळले तर गाडी लावायला जागा नाही. अंबरीशची गाडी त्याच्या दारात, जयंतची शेजाऱ्याच्या दारात आडवी, अरुणाची फुटपाथवर चढलेली. त्यानं सकाळपासून एकेकाला फोन केला होता, नेहमीसारखा, आणि चौघांपैकी एकानंही फोनवर उत्तर दिलं नव्हतं. एकमेकांना विचारलंही नव्हतं कुणी. जयंत तर घरातल्या सपाता घालूनच आला होता.

नंदू दारात उभा होता. "अहो, सगळेच आलात तर चहाला दूध पुरायचं नाही," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

आम्ही स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसलो. सुप्रभा त्याच्या शेजारी बसली. कुणी मोबाइल काढला नाही, कुणी कुणाला हॉस्पिटलमधला किस्सा सांगितला नाही. अंबरीश काहीतरी बोलायला गेला, तर अरुणानं त्याच्या हातावर हात ठेवला. मी नंदूच्या शर्टाच्या खिशातून वही काढून घेतली, कोरं पान उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

"पहिल्यापासून सांग," मी म्हणाले.



"पहिलं म्हणजे," नंदू म्हणाला, "मला खूप भीती वाटते."

मी ते लिहून घेतलं.